बारा युनिटांचं गणित शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. लॉस एंजेलिस परिसरातल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं, नाव अजूनही जरा दबक्या आवाजात निघतं. पाठोपाठ युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाबद्दलचा, म्हणजे यूसीबद्दलचा, प्रश्न ठरलेला: "का, यूसीत नाही मिळालं?" निवृत्तीनंतरचे रविवार आमच्या खेळाडू मुलांना अभ्यासाचं नियोजन शिकवण्यात खर्ची घालून तुम्ही हा प्रश्नच मोडीत काढलात. म्हणून हे आभारपत्र जाहीरपणे लिहीत आहोत, नव्याने आलेल्या घरांनाही ते वाचता यावं म्हणून.

सुरुवात तुम्ही नेहमी इतिहासापासून करायचात आणि घड्याळ बघणाऱ्या पालकांची चुळबुळ सुरू व्हायची. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज (तेव्हा कम्युनिटी कॉलेजांना ज्युनियर कॉलेज म्हणत) 1901 मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. कॅलिफोर्नियाने 1907 च्या कायद्याने हायस्कुलांना पुढचे वर्ग काढायची मुभा दिली, 1910 मध्ये फ्रेस्नोला असं पहिलं कॉलेज उभं राहिलं. मग राज्याच्या उच्च शिक्षणाचा 1960 चा मास्टर प्लॅन: हायस्कुलातले वरचे साडेबारा टक्के यूसीला, वरचे तेहतीस टक्के स्टेट युनिव्हर्सिटीला, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. दोन वर्षं इथे करून यूसीच्या तिसऱ्या वर्षात जायचं, ही वाट त्या आराखड्यातच आखलेली आहे. ती मागच्या दाराची वाट नाही, हे तुम्ही तारखांनिशी दाखवलंत तेव्हा कुठे आमच्या आवाजातला दबकेपणा गेला.

बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचं उदाहरणही तुमचंच. 1937 ते 1939 तो पॅसाडीना ज्युनियर कॉलेजात होता, तिथून यूसीएलएला (यूसीच्या लॉस एंजेलिस शाखेत) गेला आणि 1947 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. मे 1938 मध्ये त्याने 25 फूट साडेसहा इंच लांब उडी मारून थोरल्या भावाचाच ज्युनियर कॉलेजचा विक्रम मोडला आणि त्याच दिवशी ग्लेनडेलला जाऊन बेसबॉलचा सामनाही खेळला. हा भाऊ, मॅक, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये 200 मीटरला जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला होता. मुलं थक्क होऊन ऐकायची, आणि तुम्ही लगेच म्हणायचात, "आता वही काढा."

त्या वहीतलं गणितच आमच्या खरं उपयोगी पडलं. सीझन चालू असताना खेळाडूचे किमान 12 युनिट (विषयांचे श्रेयांक) सुरू असले पाहिजेत आणि त्यातले 9 अभ्यासाच्या विषयांचे. नेमके बारा घेणारा मुलगा दोरीवर चालत असतो. अवघड गेलं म्हणून रात्री अकराला फोनवरून तीन युनिटांचा वर्ग सोडला की तो नऊवर येतो आणि त्या क्षणापासून अपात्र ठरतो. कोचला कळायच्या आत तो सामन्यात उतरला, तर तो सामना अख्ख्या संघाच्या हातून जातो. यावर तुमचा उपाय साधा होता: पंधरा घ्या, म्हणजे एक वर्ग सुटला तरी बारा उरतात. आणि वर्ग सोडायचाच असेल तर सेन्ससच्या (पटगणनेच्या तारखेच्या) आधी, म्हणजे सत्राचा साधारण पाचवा भाग संपायच्या आत. त्यानंतर प्रगतिपुस्तकावर डब्ल्यू (वर्ग सोडल्याची खूण) लागतो, आणि तो डब्ल्यू तो विषय घ्यायच्या तीन संधींपैकी एक खाऊन टाकतो, ही गोष्ट तुम्ही सांगेपर्यंत आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात नव्हती.

दुसऱ्या सीझनसाठी वेगळी अट आहे. पहिला सीझन सुरू झाल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत 24 युनिट पूर्ण, त्यातले 18 अभ्यासाचे, ग्रेडची सरासरी (चारपैकी) 2.0. हायस्कुलात असताना कमावलेले युनिट इथे उपयोगी पडत नाहीत, उन्हाळ्यातले पडतात. पण 2.0 वर थांबू नका, हेही तुम्ही बजावलंत. तो आकडा फक्त इथे खेळण्यापुरता. पुढे विद्यापीठांच्या खेळांतल्या सर्वांत वरच्या पातळीवर, डिव्हिजन वनमध्ये, खेळायचं तर विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या विषयांत 2.5 लागतो, आणि दोन सत्रं 2.1 वर काढलेल्या मुलाला तिथवर चढायला उरलेल्या दोन सत्रांत 2.9 काढावे लागतात.

सगळ्यात छुपा खड्डा शारीरिक शिक्षणाच्या युनिटांचा. समजा, संघाचा वर्ग तीन युनिटांचा, तो दोन सीझन घेतला: सहा. सीझन नसतानाचे व्यायामाचे दोन वर्ग, एकेका युनिटाचे: आणखी दोन. झाले आठ. यूसी अशा वर्गांचे चारच युनिट धरते. मुलाच्या हिशेबात साठ, यूसीच्या हिशेबात छप्पन्न, आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला साठ लागतात! म्हणून तुम्ही सत्रवार विषयांचा तक्ता उलटा भरायला शिकवलंत: आधी शेवटच्या रकान्यात कुठल्या विद्यापीठात, कुठल्या विषयाला जायचं ते लिहायचं, कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो ते दाखवणाऱ्या असिस्टच्या संकेतस्थळावरून त्याचे विषय उतरवायचे आणि मग एकेक सत्र मागे यायचं. प्रयोगशाळेचे विषय सीझन नसलेल्या सत्रात टाकायचे, कारण दुपारी दोन ते पाचची लॅब आणि सराव हमखास एकमेकांवर येतात. फुटबॉल, वॉटर पोलो, क्रॉस कंट्रीवाल्यांनी रसायन वसंतात घ्यायचं. पोहणाऱ्यांनी, ट्रॅकवर धावणाऱ्यांनी, टेनिसवाल्यांनी शरदात. फक्त दोन सत्रांची साखळी असलेला विषय असेल तर दुसरा भाग कोणत्या सत्रात निघतो ते आधी बघून ठेवायचं.

पालकांचे गैरसमजही तुम्ही न दुखावता दूर केलेत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत खेळाची शिष्यवृत्ती नसते. रहिवाशाला फी युनिटमागे 46 डॉलर, आणि मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. कॉलेजच्या भरती क्षेत्राबाहेरच्या मुलाशी कोच आपणहून बोलू शकत नाही. पहिला फोन किंवा ईमेल मुलानेच करायचा असतो. "आमच्याकडे कुणी बघितलंच नाही" म्हणून रुसून बसलेल्या दोन-तीन घरांचा रुसवा या एका वाक्याने गेला. बॅडमिंटन मुलींसाठी आहे, मुलांसाठी नाही, हे ऐकून मात्र आमच्यातले काही बाबा अजून हळहळतात.

कॉलेजातल्या बाकीच्या आयुष्याबद्दल तुम्ही थोडंच बोलायचात, पण नेमकं. वसतिगृह बहुतेक ठिकाणी नाही, त्यामुळे वर्ग संपला की मूल गाडी काढून घरी येतं आणि दोन वर्षांत कुणाशी ओळख होत नाही. आठवड्यातून एक दुपार क्लबसाठी राखा, म्हणायचात. शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा ही दुपार आठवते.

एक सुधारणा कळवायची राहिली. तुमच्या तक्त्यातला आयजीईटीसीचा (बदलीसाठी लागणाऱ्या सामान्य विषयांच्या जुन्या यादीचा) रकाना आम्ही नव्या मुलांसाठी काढून टाकला आहे. 2025 च्या शरद सत्रापासून तिच्या जागी कॅल-जीईटीसी ही नवी यादी आली: 11 विषय, 34 युनिट, आणि भाषणकलेचा विषय आता यूसीला जाणाऱ्यांनाही घ्यावा लागतो. तो आम्ही पहिल्या सत्रात टाकला आहे, कारण त्याचे वर्ग लवकर भरतात. तक्त्याची नवी प्रत सोबत जोडली आहे. सवडीने लाल पेन फिरवून परत पाठवा.

तुमचे ऋणी,
रविवारच्या बैठकीतले पालक आणि मुलं