छतावर सौर पॅनेल : होकार देण्याआधी एवढं बघा

सर्व सभासदांना नमस्कार.

छतावर सौर पॅनेल बसवावीत का, असं बरेच जण विचारत आहेत. पुढच्या बैठकीत यावर बोलू. येताना मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं आणा. एकाच महिन्याच्या बिलावरून काही ठरत नाही, ऋतूप्रमाणे वापर बदलतो.

त्याआधी एक काम नक्की करा. ऊन असेल त्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता छतावर जाऊन सावली कुठे पडते ते बघा, फोटो काढा. पाण्याची टाकी, झाड, शेजारची भिंत, काहीही आड येऊ शकतं. पॅनेल बहुधा एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर पडलेली सावलीही सगळ्या माळेची वीज घटवू शकते. हिवाळ्यात सावल्या लांबतात, हेही धरून चाला. बाकी काही राहिलं तरी चालेल, पण हे टाळू नका.

छत गळत असेल तर आधी दुरुस्ती. पॅनेल साधारण २५ वर्षं टिकतात; मध्येच ती उतरवून गळती काढणं महागात पडतं. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) मात्र बहुतेकदा त्याआधी बदलावा लागतो, तो खर्च हिशेबात घ्या.

आणि वीज गेल्यावर घरात दिवे लागतील म्हणून पॅनेल घेत असाल तर थांबा. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका नको म्हणून ती तशीच बनवलेली असते.

कोणाला कोटेशन मिळालं असेल तर सही न करता सोबत घेऊन या.