सांभाळणाऱ्यांची वर्षं कुठे धरली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला वृद्ध होत चाललेल्या समाजांवरचा लेख वाचला. आकड्यांबद्दल वाद नाही. दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ वर आला, जर्मनी निवृत्तीचं वय ६७ वर नेतेय, सगळं आलं. उपाय काय, तर लोकांनी जास्त वर्षं नोकरी करावी, बायकांनी ती मध्येच सोडू नये आणि मुलंही जास्त व्हावीत. वा! दिवसाचे तास किती धरलेत, तेवढं लेखकमहाशयांनी कळवावं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी पंचेचाळिशीत होते, बढती तोंडावर आली होती. रात्रीला बाई मिळेना, मिळाली तर टिकेना. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा. राजीनामा मी दिला. नवऱ्याने द्यावा, हा विषयही घरात निघाला नाही. त्या गेल्यावर कमी पगाराची नोकरी धरली. पुढे निवृत्तिवेतनाचं विचारायला गेले, तर समोरच्या बाबूंनी नोंदी चाळल्या, मधल्या वर्षांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि म्हणाले, ‘‘इथे तुम्ही घरीच होता.’’ घरीच! हेच काम एखाद्या शुश्रूषागृहातल्या पगारी बाईने केलं असतं, तर तिची वर्षं नोकरीत धरली असती.

जर्मनीचं उदाहरण लेखकाने अर्धंच दिलंय. तिथे १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. घरच्या आजारी माणसाला आठवड्यातून किमान दहा तास सांभाळणाऱ्याचा निवृत्तिवेतनाचा हप्ता, काही अटींवर, हा विमा भरतो. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे आईच्या किंवा बापाच्या खात्यात तीन वर्षं जमा धरतात. ६७ चा आकडा उचललात, मग हेही उचलायचं होतं. अर्थात नुसत्या विम्यानेही भागत नाही. जपानने २००० मध्ये तो आणला, चाळिशीपासून हप्ता कापतात, तरी घरच्यांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडणारे तिथे वर्षाला लाखाच्या आसपास आहेत.

आज कमावणाऱ्यांच्या हप्त्यांतून आजच्या म्हाताऱ्यांना पैसे मिळतात, हे लेखात छान समजावलंय. पण कमावणारा कामावर जातो, तो घरी कुणीतरी थांबलंय म्हणून. माझी मुलगी नातवाला माझ्याकडे ठेवून जाते आणि तिचा हप्ता नियमित कापला जातो. मीही ६७ पर्यंत नोकरी करायची, तर नातू कुणाकडे? अख्ख्या लेखात पाळणाघराचा उल्लेख एकदाही नाही.

जाता जाता आणखी एक. म्हातारपणावरचा लेख इतक्या बारीक टायपात का छापता? तक्ता भिंग लावूनही वाचता आला नाही. सुरकुतलेल्या हातांचा तो नेहमीचा फोटो मात्र पाव पानभर. पुढच्या वेळी फोटो लहान करा.

आपली,
एक जुनी वाचक