शेट्टीहळ्ळीचं चर्च आणि आपलं पळसदेव

बंगळूर, सोमवार

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. काल शेट्टीहळ्ळीला जाऊन आले. हासनपासून तासाभराच्या आत पोचतो. गोरूरला हेमावती नदीवर धरण आहे, त्याच्या फुगवट्यात तिथलं जुनं चर्च येतं. १८६० च्या दशकात फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलेलं. १९७९ च्या सुमारास धरण झालं आणि आजूबाजूची गावं उठली. चर्च तेवढं जागेवर राहिलं.

मागच्या ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गेले होते, तेव्हा ते अर्धंअधिक पाण्यात होतं. कमानींची टोकं आणि मनोऱ्याचा वरचा भाग, एवढंच वर. आम्ही काठावरून फोटो काढले आणि निघालो. काल मात्र पाणी पार मागे हटलेलं. भेगाळलेल्या गाळावरून चालत थेट आत गेले. छप्पर नाही. उंच टोकदार कमानी, विटांच्या भिंती, वर नुसतं आभाळ. पाणी कुठवर चढतं त्याची रेघ भिंतीवर स्पष्ट दिसते, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. बांधकामाच्या चुन्यात गूळ आणि अंडी घातली होती असं तिथले लोक सांगतात. दर पावसाळ्यात काही ना काही ढासळतं, तरी एवढ्या वर्षांच्या बुडण्यानंतरही भिंती उभ्या आहेत. त्यांच्यावर येणाऱ्यांनी आपापली नावं कोरून ठेवलीत, ते बघून फार वाईट वाटलं.

बाहेर एक म्हातारे बाबा गुरं चारत होते. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, गाव कुठं होतं? ते उठले आणि काठीनं दाखवू लागले. इथून रस्ता जायचा, तिकडं विहीर, त्या उंचवट्याला आमचं घर. मला तिथं नुसतं गवत आणि वाळलेला गाळ दिसत होता. त्यांना सगळं दिसत होतं.

बाबा, तुम्ही अस्सेच दाखवता. भिगवणच्या पुढं एसटी गेली की खिडकीतून हात बाहेर काढून, "तिथं आपला वाडा, तिथं तालीम, देवळामागं चिंच." आणि मी लहानपणी म्हणायचे, "बाबा, तिथं पाणीच आहे की." तुम्ही गप्प बसायचात. उजनी धरण झालं आणि भीमेचं पाणी आपल्या पळसदेववर चढलं तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होतात, हे मला काल पहिल्यांदा नीट उमगलं. अठराव्या वर्षी गाठोडी बैलगाडीत घालून निघालेला मुलगा. उन्हाळा लागला की तुम्ही रोज पेपरात उजनीची पातळी का बघता, मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेली की तुमचा आवाज का बदलतो, हे मी कधी विचारलंच नाही. धरण आटलं की साऱ्या जिल्ह्याला घोर लागतो, आणि तुम्हाला तेव्हाच तुमचं गाव दिसतं. हे दोन्ही एकाच पाण्यात तुम्ही कसं सांभाळलंत, बाबा?

म्हणून ठरवलंय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी रजा टाकून येते. आपण पळसदेवला जाऊ. पाणी उतरलं असेल तर पळसनाथाच्या देवळापर्यंत चालत, नाहीतर होडीतून. शिखर तरी वर असेलच. आई, गुडघे दुखतात म्हणून तू मागं राहू नकोस, मी हात धरीन. तुझं माहेर वरच्या अंगाला, ते बुडालं नाही, त्यामुळे या गोष्टी निघाल्या की तू नेहमी स्वयंपाकघरात जायचीस. या वेळी सोबत बस आणि तूही ऐक.

बाबा, चपला घालू नका, गाळात रुततात. काल माझी एक तिथंच राहिली असती. बूट मी इकडून आणते, तुमच्या पायाचं माप तेवढं कळवा. आणि वही-पेन घेणार आहे. देवळाच्या पायरीपासून आपला उंबरा किती पावलांवर होता, ते तुम्ही चालून दाखवायचं. मी मोजून लिहून ठेवीन.

तुमची लेक