ब्लॉक बोअरला देण्याआधी हवा भरून बघा

मा. संपादक,

जुन्या टू-स्ट्रोक गाड्या धूर ओकतात, त्या सरसकट भंगारात घालाव्यात, असे एका वाचकाचे पत्र आपल्याकडे छापून आले. धुराचा त्रास खोटा नाही. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर अडकलो की मलाही ठसका लागतो. पण त्यातला निम्मा रोग ओळखता येतो आणि बराही होतो. त्यासाठी आमच्या गॅरेजवाल्यांनी इंजिनात हवा भरून गळती बघायची एक साधी तपासणी करायला हवी, ती होत नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

उद्यमबागेत माझे बोअरिंगचे, म्हणजे खराब झालेले सिलिंडर आतून कोरून द्यायचे काम आहे. यामाहाची आरएक्स १०० ही मोटरसायकल कंपनीने १९९६ साली बंद केली, तिचे ब्लॉक (सिलिंडर) माझ्या टेबलावर यायचे काही बंद झाले नाहीत. हल्ली ते आणतात किणये, बेळगुंदी, खानापूरकडची पोरे. मडगार्ड काढायचे, बटण टायर चढवायचे, सायलेन्सर कापायचा आणि लाल मातीत गाडी घालायची. (भीमगडच्या बाजूला वनखात्याच्या हद्दीत शिरू नका रे, एवढे जाता जाता सांगतो.) शर्यतीवाल्यांच्या बाहेरून आणलेल्या १२५ आणि २५० सीसीच्या खऱ्या डर्ट बाइकही कधीमधी येतात. सगळ्यांची तक्रार एकच: इंजिन जाम झाले. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, प्लग पांढराफटक. मी बोअर मारून देतो, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो आणि चार महिन्यांत तोच ब्लॉक परत. मग अर्धा, मग पाऊण. एक मिलिमीटरच्या पुढे स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळीच बदलायची. माझा धंदा चालतो, पण असा पैसा घ्यायला जिवावर येते.

दोष कुणाला देतात? ऑइलला, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटला आणि आता इथेनॉलला. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे इथेनॉल, त्यामुळे शिव्याही घरच्याच. वीस टक्के इथेनॉलने मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, जुने रबरही त्याला टिकत नाही, हे मान्य. पण आधी हे बघा की इंजिन चोरून हवा ओढतेय का. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतून वर जाते. पिस्टन वर गेला की खाली ओढ बसते, खाली आला की दाब. क्रँकच्या दोन्ही टोकांच्या ऑइल सीलला (रबरी कड्याला) हे दोन्ही सोसावे लागते. मॅग्नेटोकडचे (वीज बनवणाऱ्या चाकाकडचे) सील गेले तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही आणि शेवटी पिस्टन धरतो. क्लचकडचे गेले तर गिअर ऑइल ओढले जाऊन जळते. इंजिन तापले तरी पांढरा दाट धूर थांबत नाही आणि खाली थेंब न सांडता गिअर ऑइल कमी होते. त्या वाचकाला ठसका लावणाऱ्या काही गाड्या नक्कीच या जातीच्या असणार.

तपासणी पंक्चरवाल्याच्या घमेल्याइतकी सोपी आहे. जाड रबराच्या चकतीला दोन्हीकडून वॉशर आणि मधून बोल्ट घातला की बूच तयार. नट आवळला की रबर फुगून बसते. एक एक्झॉस्टच्या तोंडात, दुसरे कार्ब्युरेटर काढून मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या रबरात. रबर काढून थेट पोर्टला बूच मारू नका, भेग बऱ्याचदा त्या रबरातच असते. ऑइल पंप असेल तर त्याची नळी जिथून आत येते ती वाटही बंद करा. प्लग आवळलेला, पिस्टन अगदी खाली, म्हणजे वरखालची पोकळी एक होते. एका बुचातून नळी काढून हवा भरायची, साधारण ६ पीएसआय (टायरच्या हवेचे माप). दहाच्या वर जाऊ नका, सील जागा सोडते. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची नळी सरळ लावायचा विचारही करू नका. मी जुन्या बीपीच्या मशीनचा फुगा आणि घड्याळ वापरतो. त्याचा ३०० चा आकडा म्हणजे जवळजवळ ६ पीएसआयच. आधी नळीला गाठ मारून फुगाच गळत नाही ना, हे बघून घ्या.

मग पाच-सहा मिनिटे काटा बघत बसायचे. चांगल्या इंजिनात काटा जागचा हलत नाही. मिनिटाला १ पीएसआय, म्हणजे त्या घड्याळावरचे पन्नास, त्याहून जास्त उतरले तर साबणाचे पाणी घ्या: बेस गॅस्केट, हेड, मॅनिफोल्ड, केसचा मधला जोड, मॅग्नेटो काढून त्यामागचे सील. क्लचकडचे सील डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गिअरबॉक्सच्या ब्रीदरची (हवा बाहेर सोडणारी) नळी पाण्याच्या पेल्यात बुडवा. बुडबुडे आले की ओळखा. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरचे झाकण उघडून तिथेही बुडबुडे बघा. काही सील दाबाला टिकते आणि ओढीला उघडते, तेव्हा हाताच्या व्हॅक्युम पंपाने उलटी तपासणी करून घेतली तर शंका उरत नाही.

यात खर्च काय? सील काहीशे रुपयांत येते. बोअर, पिस्टन, रिंगा आणि मजुरी मिळून त्याच्या कितीतरी पट जाते. तरी गॅरेजवाला मेन जेट एक नंबर मोठा टाकतो आणि गाडी हातात देतो. जेट मोठा केला की मिश्रण तात्पुरते जाड होते, भोक तसेच राहते. पोरांच्या आईवडिलांना विनंती, बिल देण्याआधी ‘हवा भरून बघितली का?’ एवढे विचारा.

उद्यमबागेतल्या माझ्या लेथवाल्या मित्रांनीही भंगारातल्या रबराची दोन-चार मापांची बुचे वळून ठेवावीत. माझ्याकडची न्यायची असतील तर फुकट न्या, संध्याकाळी परत आणून द्या.

– एक बोअरिंग कारागीर, उद्यमबाग, बेळगाव