यंदा श्रावण पाळू नकोस

कोथरूड, सोमवार रात्र

प्रिय मनू,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. दादा उद्या ऑफिसला जाताना वाकडला देऊन जाईल. तो काही विचारणार नाही, मी बजावलंय त्याला.

काल ती स्टीलची बाटली मी ओजूच्या देखत उघडायला नको होती. हुंगायला तर अजिबात नको होती. चुकलंच माझं. तू दार आपटून गेलीस आणि रात्री तुझा मेसेज आला, "श्रावण लागला की बंद. माझी मी करीन. कुणाची गरज नाही." माईआत्याला दाखवला असता तर तिने देवापुढे साखर ठेवली असती. माझी मात्र झोप उडाली. नऊ दिवस राहिलेत श्रावणाला.

मनू, दारू एकटी बंद करू नकोस. आतून कडी लावून तर मुळीच नको.

हे एकदाच लिहायचं आणि पुढे जायचं असं ठरवून बसले होते. बघू.

31 वर्षं मी वॉर्डात काढली. कुणी हर्नियाला यायचा, कुणी मांडी मोडून, आणि रोज पितो हे घरच्यांनी लपवलेलं असायचं. पहिल्या दिवशी हात थरथरायचे, घामाने उशी भिजायची. दुसऱ्या दिवसापर्यंत एखाद्याला फिट यायची. तिसऱ्या रात्री चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचणं सुरू. एसटीचे एक कंडक्टर होते, ते रात्री दोन वाजता "पुढे सरका, पुढे सरका" करत कॉटांमधून तिकिटं फाडत फिरले. शेवटी हात बांधावे लागले त्यांचे. सकाळी बायकोने विचारलं, "सिस्टर, सुटली म्हणजे बरं वाटायला हवं ना?" तिला मी नीट समजावलं होतं. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, म्हणून तो उलटा जोर लावून बसलेला असतो. दाब एकदम काढला की उसळतो. जीवही जातो त्यात. म्हणून सोडायची ती डॉक्टरच्या नजरेखाली, गोळ्या रोज थोड्या थोड्या उतरवत, व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन आधी आणि ग्लुकोजचं सलाईन नंतर.

दुसऱ्याच्या बायकोला एवढं सांगणारी मी. दिवाळीत तुझ्या हातातली कपबशी वाजत होती तेव्हा म्हणाले, शुगर उतरली असेल, लाडू खा.

आणि गेला श्रावण. "व्हायरल" म्हणून चार दिवस घरात होतीस, मग इथे आलीस तेव्हा बाथरूममध्ये पाय घसरला म्हणालीस. कपाळाचं टेंगूळ सगळ्यांनी पाहिलं. मी जीभ पाहिली, मनू. कडेला चावलेली जीभ कशाने होते ते मला कळणार नाही तर कुणाला? मी वरणभात मऊ करून वाढला आणि गप्प बसले. एकदा फिट आलेल्याला पुढच्या खेपेला धोका जास्त असतो. म्हणून सांगतेय, डॉक्टरांनी तपासेपर्यंत एकदम तोडू नकोस. आईने मुलीला असं लिहावं का? आपल्या घरात श्रावणात कांदासुद्धा येत नाही. पण यंदा तू श्रावण पाळू नकोस.

येरवड्याचं नाव काढल्यावर हसलीस तू, रडू आवरायला हसतात तसं. "मला येरवड्याला टाकतेस?" पुण्यात त्याचा अर्थ काय होतो ते मलाही ठाऊक आहे, तुझी आजी ऊठसूट म्हणायची. पण मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली निघालं तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या, तिथल्याच आवारात सुरू केलं त्यांनी. पु. लं.चा मदतीचा हात होता. आता बायकांसाठी 'निशिगंध' म्हणून वेगळा विभाग आहे. वेगळा का काढावा लागला असेल, विचार कर. तुझ्यासारख्या बायका आहेत म्हणूनच ना? पुरुष दाखल झाला की डबे घेऊन दहा माणसं येतात. बाई दाखल झाली की "माहेरी गेलीय" म्हणून सांगतात. आणि बाईच्या अंगात पाणी पुरुषापेक्षा कमी, तेवढ्याच दारूने तिचं लिव्हर लवकर जातं.

झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर. सिस्टरचा आवाज लागला की मला थांबता येत नाही, बाबाही हेच म्हणायचे. त्यांचं काय झालं ते तुला मी सांगायला नको. त्यांना तेव्हा मी कुठेच नेलं नाही. लोकांना लिव्हरची कावीळ सांगितली.

सुहासचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय, काढत नाही.

ऑफिसचं म्हणशील तर 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात दारूचं व्यसनही मनाच्या आजारांत धरलंय. तुझ्या संमतीवाचून तुझ्या आजाराची माहिती डॉक्टर असं कुणालाही देऊ शकत नाहीत. वैद्यकीय रजा टाक. मुक्तांगणात राहायचं झालं तर पस्तीस दिवस. ओजूच्या वेळी सहा महिने घेतलीसच ना? आणि टीम लीड झालीस तेव्हा मी भाजीवालीपासून सगळ्यांना पेढे वाटले होते, त्या पोरीला पस्तीस दिवसांनी खुर्ची मिळणार नाही होय?

तू पाच वर्षांची असताना पर्वतीला गेलो होतो, आठवतं? 103 पायऱ्या, मोठ्याने मोजत. सत्तरच्या पुढे कुठेतरी मोजणी चुकली. मी म्हटलं चल, कडेवर घेते. "माझी मी!" म्हणून तिथेच फतकल मारलंस. मला दुपारची ड्यूटी. अर्धा तास ऊन खात बसलो दोघी. शेवटी पुन्हा खाली गेलो आणि एकपासून मोजत चढलो. उशिरा पोचले म्हणून मेट्रनची बोलणी खाल्ली, पण दिवसभर हसू येत होतं. किती कौतुक केलं मी त्या "माझी मी"चं, येईल त्याला सांगितलं. आता त्याचीच भीती वाटते. पण त्या दिवशीही मी बरोबर होते ना गं.

गुरुवारी सकाळी आठला मी तुझ्या बिल्डिंगखाली उभी राहीन. वर येणार नाही, बाटली शोधणार नाही. नुसतं डॉक्टरांना भेटायचं, दाखल व्हायचं की नाही ते नंतर तू ठरव. माझ्याशी बोलायचं नसेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे. मी काल केला होता. समोरच्या मुलीने आधी मीच पिते का म्हणून विचारलं.

तोवर बाथरूमची कडी लावू नकोस. एकटीच तर असतेस घरात, काय करायचीय कडी.

तुझी,
आई

ता. क. ओजूचा पुढचा दात आज पडला. कौलं नाहीत, टाकू कुठे, म्हणून मला विचारत होता. तुला दाखवायचाय म्हणतो, हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलाय.