संस्थेचं टपाल संस्थेकडेच राहावं

महोदय,

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा आधीचा सचिव नोकरीसाठी पुण्याला गेला. कंपनीचा ई-मेल पत्ता फुकटच्या सेवेवरचा, त्याच्या मोबाईल नंबरला जोडलेला, आणि तो नंबर कधीचा बंद. पासवर्ड बदलायला गेलं की ओटीपी त्या बंद नंबरवर जायचा. बँकेचं मंजुरीपत्र, जिनिंगवाल्याशी झालेला करार, गाठींच्या ओलाव्याचे अहवाल, सगळं त्या खात्यात अडकलं. पोराचा दोष काहीच नाही. पण शेकडो कास्तकारांच्या कंपनीचं दप्तर एका सिमकार्डाच्या भरवशावर असावं, हे मला पटत नाही. बचत गट, वाचनालयं, पाणीवापर संस्था, बहुतेकांची गत हीच आहे.

आम्ही मग स्वतःचं डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घेतलं आणि ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून मेल सर्व्हर, म्हणजे टपालाची देवघेव करणारं मशीन, उभा केला. पोस्टफिक्स टपाल घेतं-देतं, डव्हकॉट ते पेटीत ठेवून मोबाईलवर दाखवतं. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, परवान्याला एक रुपया लागत नाही. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं. आता सचिव बदलला की संचालक मंडळ ठराव करतं, पेटीचा पासवर्ड बदलतो, पत्रव्यवहार जागच्या जागी राहतो. रोजची एक प्रत हार्ड डिस्कवर निघते आणि ती डिस्क अध्यक्षांच्या घरी असते.

लोक आधी हेच विचारतात, की लाइन गेली तर मेल हरवेल ना? नाही हरवत. ई-मेलची देवघेव ज्या एसएमटीपी नियमांवर चालते ते १९८२ पासूनचे आहेत, आणि समोरचा सर्व्हर बंद असू शकतो हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. अशा वेळी पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि थांबून थांबून पुन्हा पाठवतो. पोस्टफिक्स तर एरवी ५ दिवस प्रयत्न सोडत नाही. मृगाच्या वादळात रात्रभर लाइन नसली, तरी सकाळी मशीन सुरू केल्यावर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, अडलेली पत्रं एकामागून एक उतरताना आम्ही पाहतो.

खरी अडचण पाठवण्यात आहे. नव्या सर्व्हरवर कोणी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ (डोमेनचं टपाल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतं याची यादी) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) आणि रिव्हर्स डीएनएसची (आयपी, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी) नोंद लागते. पहिल्या दोन्ही आपल्या डोमेनमध्ये आपणच करू शकतो. रिव्हर्स डीएनएस मात्र इंटरनेट देणाऱ्याच्या हातात. आम्हाला जादा पैसे भरून स्थिर, म्हणजे न बदलणारा, आयपी मिळाला, पण ही नोंद कोणी करायची हे तालुक्याच्या ऑफिसात कोणालाच सांगता आलं नाही. शिवाय २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे टपाल जाण्याची वाट, बाहेर जाण्यासाठी बंद. त्यामुळे जाणारं टपाल आम्ही भाड्याच्या छोट्या सर्व्हरमार्फत पाठवतो. येणारं आणि साठलेलं आमच्याच ऑफिसात आहे, आणि ते महत्त्वाचं आहे.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. सर्व्हर उघडा राहिला, म्हणजे कोणाचंही टपाल पुढे पाठवू लागला, तर स्पॅमवाले त्यातून वाटेल ते पाठवतात आणि आपला आयपी काळ्या यादीत जातो. बाहेरच्या नेटवरून, पासवर्ड न देता, आपल्या सर्व्हरमार्फत परक्या पत्त्यावर मेल पाठवून पाहावा. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ (पुढे पाठवायला नकार) हे उत्तर आलंच पाहिजे.

एकट्या संस्थेला ही राखण जड जाईल, हे मान्य. पण एका पोस्टफिक्सवर अनेक डोमेन चालतात. तालुक्यातल्या संस्थांनी मिळून एक सर्व्हर चालवावा, जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांनी आणि आयटीआयंनी तो सांभाळणारी पोरं तयार करावीत, आणि इंटरनेट कंपन्यांनी स्थिर आयपीच्या अर्जातच रिव्हर्स डीएनएसचा रकाना ठेवावा. आमच्या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइली कोणालाही देऊ. बाजाराच्या दिवशी ऑफिस उघडं असतं, पेन ड्राइव्ह तेवढा आणावा.

— सचिव, शेतकरी उत्पादक कंपनी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ