फोर बाय फोर आहे, मग विंटर टायर कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फोर बाय फोर गाडी असली की बर्फात काही होत नाही, हे इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी पत्र लिहायला बसलो. मीही तेच धरून चाललो होतो. हात आखडता होता आणि टायरवाला म्हणाला पुढचे दोनच विंटर टाका, भागेल. भागलं नाही. उतारावर वळणाआधी हलका ब्रेक दाबला तर पुढच्या चाकांनी रस्ता पकडला आणि मागचा भाग बाजूने फिरून पुढे यायला लागला, गाडी आडवी होऊन कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही, पण मागे बसलेली धाकटी अजूनही उतार आला की माझी सीट मागून घट्ट धरते.

चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी हलवायला. थांबवायला ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच असतात, आणि ते टायरच्या पकडीपुरतेच चालतात. ७ अंशाच्या खाली साध्या समर टायरचं रबर कडक व्हायला लागतं, विंटरचं मऊ राहतं, शिवाय त्याच्या नक्षीत ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक फटी असतात त्या बर्फ धरतात. म्हणून टाकायचे तर चारही, आणि एकाच मापाचे. वेगवेगळ्या घेराचे टाकले तर फोर बाय फोरच्या ट्रान्सफर केसवर किंवा मधल्या कपलिंगवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटून देणारे भाग) ताण येतो, आणि ते काम निघालं की टायरमध्ये वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

पैसे वाचवायची खरी जागा रिम आहे. एक इंच लहान साध्या स्टीलच्या रिमवर टायर बहुतेक वेळा स्वस्त पडतो. उदाहरणार्थ २२५/६५ आर १७ च्या जागी २२५/७० आर १६ (आधी रुंदी मिमीत, मग टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचे इंच), चाकाच्या एकूण उंचीत जेमतेम ३ मिमी फरक. फक्त ब्रेक कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा ब्रेकचा भाग) रिमच्या आत बसतो का ते आधी बघा आणि लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, गाडीच्या कंपनीने सांगितलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका. रिमसकट दुसरा सेट असला की दर सीझनला टायर काढा-चढवायची मजुरी नाही, जॅक लावून घरीच चाकं बदलता येतात (५०-१०० किमी चालवून नट परत आवळा मात्र). आणि समर टायर तेवढे महिने झिजत नाहीत हेही हिशोबात धरा.

सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही, पण टॉर्च घेऊन जा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. बोटाने रबर वाकवून बारीक भेगा दिसतात का बघा, नक्षी ४ मिमीच्या खाली असेल तर बर्फात तिचा फारसा उपयोग नाही, कायद्याने १.६ चालत असली तरी. आणि तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह शोधा, नुसतं एम प्लस एस (M+S, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर फसू नका, ते टायर कंपनी बर्फातली कुठलीही टेस्ट न करता छापू शकते. डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल वेदर टायरही मिळतात, बर्फ क्वचितच पडत असेल तर वर्षभर तोच एक सेट पुरतो.

हे पत्र जमल्यास थंडी सुरू व्हायच्या आधी छापा, कारण पहिला बर्फ पडला की टायरवाल्याकडे रांग लागते आणि स्वस्तातले माप सगळ्यात आधी संपतात.

आपला,
एक नियमित वाचक